दुर्बीण म्हटलं की

२ डिसेंबर

मिरचीचा मोसम लागला हे मला ओपीडीत कळतं. पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या मैदानात, मिरची पडली की तिथं कामाला जाणाऱ्या बायांची पोरं खोकत येतात, आणि ज्याच्या जांघेत हर्निया दडून बसलेला असतो त्याचा फुगा खोकल्यानं बाहेर डोकावतो. आज सकाळी दोन मुलगे तसलेच. साधे. दाबलं की आत. तारखा दिल्या.

मग रोशनी. चार वर्षांची, नाक वाहतंय, हातात बिस्किटाचा पुडा, कुणाला देणार नाही. आई रमीला पथारीवर मिरचीचे देठ खुडते. बरोबर सासू. डाव्या जांघेत बोराएवढी गाठ. टणक, आत जात नाही. मी दाबतेय आणि पोर बिस्कीट खातेय. मुलगी आणि अशी गाठ म्हणजे आतडं नव्हे, अंडाशय उतरलंय. सोनोग्राफीत तेच निघालं. आज बरं आहे. पण त्या चिंचोळ्या जागी पीळ पडला तर काळं पडायला वेळ लागत नाही. मग काढून टाकायचं, दुसरं काही नाही.

सगळं नीट समजावलं. रमीला मान हलवत होती. शेवटी मी मोठ्या उत्साहानं म्हणाले, "आणि चीरसुद्धा मारायची नाही. दुर्बिणीनं करू आपण."

सासूनं पोर कडेवर घेतली. रमीला उठली, सोनोग्राफीचे कागद टेबलावर तसेच. मला वाटलं, चहाला चालल्या. ओपीडी संपली तरी परत नाहीत.

मंदासिस्टर कागद गोळा करत म्हणाली, "मॅडम, दुर्बीण कशाला म्हणालात?"

"मग काय म्हणू?"

"दुर्बीणनं ऑपरेशन म्हनजे एकच शे आठे. बायांनं. कॅम्पमधलं."

नसबंदी. चार वर्षांच्या पोरीची नसबंदी करू म्हणाले मी, तिच्या आईला आणि आजीला. तेही हसत हसत.

इथंच जन्मले, इथंच वाढले. आमच्या मोहल्ल्यातल्या बायासुद्धा "उसका दुर्बीण हो गया" असंच म्हणायच्या. शिकायला बाहेर गेले आणि तो शब्द माझ्यापुरता धुऊन निघाला. त्यांच्यापुरता कसा निघेल?

३ डिसेंबर

मोठे सर (सर्जरीचे प्रमुख, यापुढे मो.स.) राऊंडला म्हणाले, "नसरीन, उघडं कर की. छोटी चीर, अर्ध्या तासाचं काम. आयुष्यभर करतोय मी, कुणाची तक्रार नाही."

खरं आहे. चीर मारूनही चांगलंच होतं. मग मी का अडून बसलेय, ते लिहूनच काढते, म्हणजे नंतर स्वतःला फसवता येणार नाही.

एक, सासू म्हणाली होती की उजवीकडेही "कधी कधी दिसस". उजवीकडं खरंच आहे का, ते आतून बघितलं की कळतं. नाहीतर पोरीला वर्षभरात परत भूल.

दोन, मुलीला दोन्हीकडे हर्निया असेल तर गर्भाशय जागेवर आहे ना हे एकदा डोळ्यांनी बघावं. क्वचित वेगळंच काही निघतं.

तीन, अंडाशयाबरोबर नळी उतरलेली असते. ती हर्नियाच्या पिशवीच्या कडेला चिकटलेली असेल तर खालून बोटांच्या अंदाजानं काम, आतून डोळ्यांनी.

चार, लहान मुलांची बारीक दुर्बीण दोन वर्षं भांडून मिळवलीय आणि ती कपाटात पडलीय. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. आहे, हेही आहे.

पण पहिली तीन खरी आहेत. चौथं काढून टाकलं तरी ती उरतात.

५ डिसेंबर

रमीलाचा फोन बंद. ड्यूटी संपवून पथारीवर गेले. धुळे रोडची, माझ्या मामूंच्या ओळखीतली, म्हणून आत जाता आलं. नाहीतर डॉक्टर दिसली की मुकादम तपासणीला आलेत समजून घाबरतात.

लाल जमीन नजर जाईल तिथवर. बाया तोंडाला फडकं बांधून रांगेनं बसलेल्या. पोत्याच्या सावलीत पोरं झोपलेली, झोपेतही खोकतात. मला आत पाय ठेवताच ठसका लागला तो थांबेना. बाया हसायला लागल्या. बरंच झालं, डॉक्टरीनही खोकते म्हटल्यावर जरा मोकळ्या झाल्या.

रमीला उठून आली नाही. मीच तिच्या शेजारी उकिडवी बसले आणि देठ खुडायला लागले. बोटं चुरचुरायला लागली.

म्हटलं, "दुर्बीण म्हणाले ते चुकलं. हे कॅमेऱ्याचं ऑपरेशन असतं. बेंबीतून छोटा कॅमेरा घालून..."

बेंबी ऐकल्यावर तिचे हात थांबले. इकडेतिकडे बघितलं, पुरुषमाणूस जवळ नव्हतं. पदर बाजूला केला आणि स्वतःची बेंबी दाखवली. खाली बारीक पांढरा वण.

"ह्याच रस्त्यानी ना?"

तोच रस्ता. तेच यंत्र, फक्त माझं बारीक. नाव बदलून मी तिला तेच विकायला गेले होते, आणि तिनं पहिल्याच फटक्यात पकडलं.

"हो," म्हटलं. "ह्याच रस्त्यानं."

"मंग कॅमेरा काब्रं म्हनी ऱ्हायनात?"

का म्हणून एवढंच विचारलं, फडकं परत तोंडावर ओढलं आणि खुडायला लागली. रोशनी पोत्यावर बसून माझ्या पर्सची चेन उघडझाप करत होती. तिची छाती तिथंच ऐकली. घरघर आहे. म्हणजे तसंही आत्ता ऑपरेशन होणार नाही.

निघताना एवढंच सांगितलं: पोरीला इथं आणू नको. गाठ लाल झाली, हात लावला की रडली, उलटी झाली, तर माझी वाट बघू नको, कुठल्याही दवाखान्यात ने, चीर मारतील तर मारू दे.

"चीर मारीसन व्हस?" तिनं वर बघून विचारलं.

"होतं."

रात्रभर बोटांची आग. अम्मीनं दही लावलं, वर बोलणी. "डॉक्टर हुई है या मजदूर?"

६ डिसेंबर

मंदासिस्टरला सांगितलं, कॅमेरा वगैरे म्हणायचं नाही. दुर्बीण म्हणायचं. लोक घाबरले तर घाबरू देत, मग बसून बोलायचं.

ती म्हणाली, "मॅडम, निम्मे पेशंट पळतील."

पळतील. पण उद्या त्यांना कळलं की कॅमेरा म्हणजेच दुर्बीण, तर उरलेले निम्मेही पळतील आणि बरोबर पळतील.

१० डिसेंबर

रमीला आपणहून आली. एकटी. रोशनीला सासूबरोबर गावी पाठवलंय. नवरा सुरतेला बांधकामावर, तो फोनवर म्हणाला तू बघ. स्टूलवर बसेना, दाराला टेकून उभी.

जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत, जेवढं आठवतं तेवढं:

"मन्हा पोऱ्या व्हता मोठा. मंग रोशनी व्हयनी. ती वीस दिननी व्हती तवय कॅम्पमा लई गयात. दोन शेतस ना, बस झाये, म्हनेत. माले कोनी इचारं नही. सासूले इचारं, तिनी आंगठा दिधा. पोटमा हवा भरी, अशी फुगी गऊ मी. सांजले घर लई उनात."

"आणि मुलगा?"

"ताप उना. त्याच पावसायामा गया."

मग कोरडेपणानं: "आते एकच शे मन्ही. तिनी बी नळी बांधी टाकी तुमनी दुर्बीण, तर मी काय करू?"

तिचा राग माझ्यावर नाहीच. दुधानं तोंड पोळलंय, ताक फुंकून पिणार. आणि मी ताक म्हणून काय देतेय हे तिनं का तपासू नये?

म्हटलं, "चीर मारून करते. छाती सुटली की लगेच. तुझ्या मनाविरुद्ध दुर्बीण लावणार नाही." मनापासून म्हटलं. कारण नंबर चारसकट गिळून.

तरी फरक सांगितला, लपवला नाही. चिरेतून मला एकच बाजू दिसेल. नळी चिकटली असेल तर नीट दिसणार नाही. दुर्बिणीतून सगळं दिसेल, पडद्यावर, टीव्हीसारखं.

तिनं विचारलं, "टीव्हीवर कोनले बी दिसस का, तुमलेच दिसस?"

"जो उभा असेल त्याला."

"मंग मी उभी ऱ्हासू."

मी हसले. ती हसली नाही.

११ डिसेंबर

मो.स. ना विचारलं, आईला ऑपरेशन थिएटरात उभं करू का. आधी त्यांना वाटलं थट्टा करतेय.

"आई? ओटीत? नसरीन, उद्या मामा, परवा सरपंच. तिकीट लाव बाहेर."

मग खुर्ची पुढं ओढून, हळू आवाजात: "हे बघ. संमतीच्या कागदावर हर्नियाचं ऑपरेशन एवढंच लिहिलेलं असतं. टेबलावर घेतल्यावर तुला योग्य वाटेल ते कर. पोरीचं भलंच होणार आहे ना? कोण विचारतंय?"

सर वाईट माणूस नाहीत. माझ्या बाजूनंच बोलत होते. पण "भलंच होणार आहे, कोण विचारतंय" हेच तर त्या कॅम्पमध्ये कुणीतरी म्हणालं असेल. अगदी असंच, खुर्ची पुढं ओढून.

मी म्हणाले, "ती विचारतेय सर. तीच विचारतेय."

फार जोरात म्हणाले बहुतेक. बाहेर शिपाई थबकला. सर चष्मा पुसत राहिले. शेवटी, "वळवींनी हो म्हटलं तर."

भूल देणारे वळवी सर. त्यांचं उत्तर: "आई चक्कर येऊन पडली तर मी एकच पेशंट सांभाळणार. कोणता ते आधी लिहून द्या." म्हणजे हो. पण छाती पूर्ण साफ झाल्याशिवाय भूल नाही, त्यात सूट नाही. त्यावर मी भांडले नाही.

१५ डिसेंबर

रमीलाला ओटीत नेलं, रिकाम्या. गाऊन, टोपी, मास्क. मास्क बांधायला शिकवावं लागलं नाही, पथारीवर रोजच बांधते.

दुर्बीण तिच्या हातात दिली. काडीएवढी, तिनं उलटसुलट केली. "मन्हावाली जाडी व्हती." मग मुठीत धरायला लावली, पडदा चालू केला. पडद्यावर तिचा तळहात, भेगांत मिरचीची लाली. दचकून मूठ उघडली, परत मिटली, परत उघडली.

मग पायजम्याची नाडी. मंदासिस्टरनं कापडी पिशवी आणली, तिचं तोंड नाडीनं आवळून दाखवलं. म्हटलं, पोटातल्या भोकाचं तोंड मी असंच आवळणार. पिशवी कापायची नाही, काढायची नाही. गाठ पक्की मारायची.

"आनि नळी नाडीमा आटकी गई तर?"

एवढा नेमका प्रश्न मला परीक्षेतही कुणी विचारला नव्हता. "तेच बघायला दुर्बीण," म्हटलं. "आणि तू."

पोट फुगेल तेही सांगून ठेवलं. ते तिला ठाऊकच होतं.

१८ डिसेंबर

सकाळी गावाहून मोटरसायकलवर सासू आणि रोशनी. पोर कळवळतेय, पाय पोटाशी. पीळ पडला असता तर माझ्या सगळ्या गप्पा, पडदे, नाड्या गेल्या असत्या चुलीत, छातीची वाट न बघता चीर मारली असती तर बरं झालं असतं.

गाठ मऊसर, लाल नाही. सोनोग्राफी केली: रक्त चाललंय. पोटात नुसते खडे, शौचाला झाली नव्हती. एनिमा दिला, अर्ध्या तासात बाई बिस्किटं मागायला लागल्या.

सासू माझ्याकडं बघत नव्हती. शेवटी म्हणाली, "मन्ही सूनले मीच लई गऊ व्हतू दुर्बीणवर. आंगठा मन्हाच." आणि पदरानं तोंड पुसलं. "आते नातले बी मीच लई उनू."

तिचा हात धरला, एवढंच.

छाती जवळजवळ साफ. वळवी सर म्हणाले, आणखी चार दिवस. आजी-नातीला वॉर्डातच ठेवून घेतलं, पथारीच्या धुळीपासून लांब.

२३ डिसेंबर

झालं. हात अजून गरम आहेत. सविस्तर लिहिते, नंतर आठवणार नाही.

रोशनी वळवी सरांच्या फुग्यात फुंकत झोपली. रमीला डोक्याच्या बाजूला, स्टूलवर. मी सांगितलं होतं, काही वाटलं तर डोळे मिट आणि बसून राहा, उठू नको. मो.स. कोपऱ्यात हाताची घडी घालून.

बेंबीतून दुर्बीण, हवा. पोट वर आलं तसा रमीलाच्या तोंडून आवाज निघाला, नुसता श्वास.

पडद्यावर आधी आतडी, चकचकीत. खाली वळले. गर्भाशय जागेवर, चिंचोक्याएवढं. मी मोठ्यानं म्हटलं, "ही पिशवी. आहे."

"इतलीशी?"

"वाढेल."

उजवीकडचं अंडाशय जागेवर. डावीकडची नळी थेट भोकात शिरलेली, अंडाशय दिसेना. बाहेरून बोटानं हळू दाबलं, आतून चिमट्यानं आधार दिला. यायला तयार नाही. परत. परत. घामानं माझी टोपी ओली. मग एकदम सुळकन आत आलं, पांढरट गुलाबी, मस्त. मंदासिस्टर "या बाई" म्हणाली. ओटीत सगळे हसले, रमीला सोडून.

पण नळीची एक कड भोकाच्या काठाला चिकटलेली. जिथून माझा टाका जायचा तिथंच. ओढली तर फाटणार. तशीच टाका घातला तर टाक्यात सापडणार, म्हणजे रमीलानं जे म्हटलं तेच माझ्या हातून.

"ही नळी काय शे?" रमीला.

"हिच्यातूनच बी येतं. बाळाचं."

"तिले हात नका लावू."

"लावावा लागेल. चिकटलीय, सोडवायचीय."

मी तिच्याकडं वळून बघितलं. मास्कवर नुसते डोळे. ती पडद्याकडंच बघत होती. मो.स. नी घडी सोडली होती, पुढं आले होते. त्यांना म्हणायचं होतं की उघडं कर आता, पण म्हणाले नाहीत.

"सोडवा," ती म्हणाली. "मी देखी ऱ्हायनू."

कात्रीच्या टोकानं, केसाकेसानं. रक्ताचा एक थेंब आला, थांबला. नळी सुटली आणि आपल्या जागी लोंबली, पूर्ण. मग बाहेरून बारीक सुई, भोकाच्या कडेनं दोरा गोल फिरवला, दर टाक्याला नळी लांब आहे हे पडद्यावर दाखवत. तिला दाखवत होते की मला, कळेना. नाडी आवळली. बंद.

मग उजवीकडं वळले. भोक. लहान, पण आहे. मी थांबले. हे आधी बोललो होतो तेव्हा ती म्हणाली होती, तवय देखसूत. ते 'तवय' आता आलं होतं.

"रमीला, इकडंही आहे. दिसतंय? बंद करू?"

माझ्या आजवरच्या सर्जरीत पेशंटच्या माणसाला ऑपरेशन चालू असताना विचारलेला पहिला प्रश्न. ती स्टूलवरून उठली, पडद्याजवळ गेली, मंदासिस्टरनं तिला खांद्याला धरून थांबवलं, कशाला हात लावू नको. तिनं नीट बघितलं.

"नळी दूर शे तठे?"

"लांब आहे."

"मंग बुजी टाका."

बुजवलं.

बाहेर आल्यावर मो.स. नुसतं म्हणाले, "नळी छान सोडवलीस." त्यांच्या तोंडून हे म्हणजे मिठाई. थोड्या वेळानं: "ती बाई पडली नाही. माझे दोन इंटर्न पडले असते."

२४ डिसेंबर

सकाळी रोशनी रडतेय, पोट नाही, खांदा धरून. नवी सिस्टर घाबरली. रमीलानं तिला समजावलं: "हवा व्हई. मन्हा बी खांदा दुखना व्हता, दोन दिन." दुपारी थांबलं.

सासू पोरीचा परकर वर करून चीर शोधत होती. बेंबीवर पट्टी, जांघेत दोन्हीकडं सुईच्या टोकाएवढे ठिपके. "कोठे शे? कोठे काय करं?" तिला वाटलं आम्ही काहीच केलं नाही. रमीलानं तिला बसवून सगळं सांगितलं, हातवारे करून, नाडीसकट. मी दारात उभी राहून ऐकत होते. माझ्यापेक्षा चांगलं सांगते.

३१ डिसेंबर

टाके सुकलेत. गाठ नाही, दोन्हीकडं. रोशनी धावतेय, मी थांबवलं तर माझ्यावर ओरडली. पथारीवर पोरगी न्यायची नाही, खोकला वाईट, हे परत सांगितलं. रमीला म्हणाली, "मंग कोठे ठेवू?" मामूंना फोन केला, पोरांसाठी बाजूला बंद शेड करता येईल का. मामू म्हणाले, "नस्सू, तू डॉक्टर है, नेता नहीं." पण नाही म्हणाले नाहीत. पाठ सोडणार नाही त्यांची.

३ जानेवारी

ओपीडीत दोन बाया, पथारीवरच्या. पोरं दाखवायला. एकीनं विचारलं, "तुमी दुर्बीण मारतस ती डाक्टरीन ना?" मी हो म्हटलं. "मायले देखू देतस, ती?" हो. "मंग ठीक."

मो.स. ना सांगितलं. "लाव तिकीट," म्हणाले. स्टूल मात्र नवीन मागवलं, उंच.

१४ जानेवारी

ओपीडी संपल्यावर रमीला. रोशनी बरोबर नाही. आज संक्रांत, पथारी लवकर सुटली म्हणाली. हातात तिळाचे लाडू, फडक्यात. स्टूलवर बसली आज.

मला वाटलं पोरीला काही झालं. "नही, ती मस्त शे." मग लाडू. मग पाऊस नाही पडला या वर्षी धड. मग नवरा, सुकलाल, सुरतेहून होळीला येणार. मी घड्याळ बघितलं, मंदासिस्टरनं मला डोळ्यानं दटावलं आणि स्वतः बाहेर गेली.

रमीला खाली बघत म्हणाली, "त्या दिन तुमनी नळी सोडी ना. रोशनीनी."

"हो."

"चिकटेल व्हती, सोडी."

"हो."

"मन्ही बांधेल शे. ती सुटस का?"

मी पोरांची डॉक्टर. हे माझं काम नाही, हे मी म्हणालेसुद्धा. बायांच्या डॉक्टरकडे जावं लागेल. कधी रिंग टाकलेली असते तर उघडता येते, कधी कापलेली असते तर अवघड, आणि उघडली तरी दिवस राहतीलच असं नाही. कॅम्पचं कार्ड असेल तर कळेल काय केलंय. कार्ड नाही. तेव्हाही कुणी दिलं नव्हतं.

तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "पन दुर्बीण तर तीच शे ना?"

तीच आहे. बेंबीही तीच, रस्ताही तोच. मला एवढी लाज कधी वाटली नव्हती, आणि एवढी आशाही. दोन्ही एकदम येतात हे माहीत नव्हतं.

"आधी आत बघावं लागेल," म्हटलं. "दुर्बिणीनंच."

"मंग देखूत." आणि लगेच कपाळाला आठी. "पन मी तवय झोपेल ऱ्हासू. मन्हा बाजूनी कोन उभं ऱ्हाई?"

सासू नको म्हणजे नको, असं रमीलाच म्हणाली. सुकलालला रक्त बघवत नाही.

"मी राहीन," म्हणाले.

तिनं माझ्याकडं बघितलं, पथारीवर पहिल्या दिवशी बघितलं होतं तसं, तपासून. लगेच विश्वास ठेवला नाही. बरं वाटलं.

"काय देखशात ते माले सांगशात? वंगाळ ऱ्हायनं तरी?"

"वंगाळ असलं तरी."

ती गेल्यावर माझ्या बॅचच्या मैत्रिणीला फोन लावला, नाशिकला ती अशा नळ्या जोडते. उचलला नाही. संक्रांत, घरी पाहुणे असतील. मेसेज टाकलाय. उद्या सकाळी राऊंडच्या आधी परत लावते, आणि नाही उचलला तर दुपारी.